नकाशात नसलेला व्हॉल्व्ह

फाइल उघडायला अकरा मिनिटं लागतात.
तोवर मी डबा खाते,
परळच्या सहाव्या मजल्यावर,
गळक्या एसीखाली ठेवलेल्या बादलीशेजारी.

मग पडद्यावर उगवतो गुंता:
दोन हजार एकशे सोळा ठिपके, नऊ हजारांवर रेघा,
मोरीच्या जाळीत अडकलेल्या केसांसारखा.
म्हणते, वर्तुळात बस. बसतो.
म्हणते, पायऱ्यांवर उभा राहा. राहतो.
कळत काहीच नाही.

खुणा सोप्या आहेत.
टोकाला बाण म्हणजे ऊठ, कामाला लाग.
टोकाला आडवी दांडी म्हणजे थांब.
रेघेवर टिचकी मारली की साक्षीदार दिसतात.
या रेघेचा साक्षीदार एक उंदीर,
त्याचं यकृत, साल अठ्ठ्याण्णव.
त्या रेघेला कुणीच नाही;
दोन नावं एका वाक्यात आली, एवढ्यावर
मशीनने सोयरीक जुळवली.

विश्वासाची पट्टी सरकवते
आणि रेघा गळतात. उरतात तीनशे.
कडेला काही ठिपके सुटे पडतात.
त्यांना इथे अनाथ म्हणतात, लपवायला बटण आहे.
मी ते दाबत नाही.
का, ते तन्वीर मुकादमला मला सांगता येत नाही.

बाबा महापालिकेत चावीवाले होते.
पहाटे साडेचारला खांद्यावर लोखंडी चावी,
लांब दांडा, वर आडवी मूठ.
शिवडीच्या गल्लीत झाकण उचलून
सतरा आटे फिरवले की चाळींना पाणी,
दोन तासांनी तेवढेच आटे उलटे.
ऑफिसातला नकाशा त्यांनी एकदा दाखवला,
निळ्यावर पांढऱ्या रेघा.
"रेघ आहे," म्हणाले, "पाणी आहे का, ते कानाने कळतं."
आणि चावीचा दांडा कानाला लावला.

आज नमुना एकेचाळीस.
नाव आमच्यापर्यंत येत नाही, वय येतं: चौतीस.

निरोगी पेशीला शेजाऱ्यांनी सारखं सांगावं लागतं, जग.
हाक थांबली की ती आवराआवर करते,
आपलं सामान बांधून, कुणाला त्रास न देता.
एकेचाळीसला हाक लागत नाही.
मी वरचा ठिपका पुसते, औषध पुसतं तसा.
पुन्हा चालवते. पेशी जगते.
दुसरा पुसते. जगते.
दोन्ही पुसते.
जगते.
कुठून तरी पाणी येतंय.

आठ वाजता तन्वीर फिल्म घेऊन येतो,
ट्यूबलाइटसमोर धरतो.
माझ्या नकाशात जिथे काहीच नाही
तिथे काळी पट्टी, करंगळीच्या नखाएवढी.
"हे कोण?"

काळाचौकीला रस्ता खणताना बाबांना एक व्हॉल्व्ह सापडला होता,
कुठल्याच कागदावर नसलेला,
कित्येक वर्षं अर्धा उघडा.
त्यांनी तो लगेच बंद केला नाही.
तीन दिवस दारोदार फिरले,
यावर कुणाचा नळ आहे, विचारत.

मी नवा ठिपका काढते. नाव: प्रश्नचिन्ह.
एक रेघ ओढते, तुटक.
साक्षीदाराच्या रकान्यात लिहिते:
तन्वीर, परळ, आज.
टोकाला बाण लावू की दांडी,
माहीत नाही.

सेव्ह करताना मशीन विचारतं, खात्री आहे?

बादली भरलीय.
ती ओतून येते आधी.