दारी

हिरण्यकेशी दिसते पुलावरून,
संकेश्वरच्या बसमधून, सगळ्यांना.
हाताला लागत नाही.
मध्ये ऊस, उसाला तारा,
तारांत खोचलेली बाभूळ,
आणि ‘आत येऊ नये’, दोन लिप्यांत.

तलाठ्याच्या नकाशावर बोट फिरवून आलोय मी:
सर्वे नंबर ब्याण्णव आणि त्र्याण्णवच्या मधून
दोन तुटक रेघा थेट पाण्यापर्यंत.
शेजारी बारीक कन्नड अक्षरं, बंडी दारी.
गाडीवाट. सरकारी.
इथं त्या रेघांत
कमरेइतका ऊस उभा.

खांद्यावर गळाची काठी,
डब्यात ओल्या मातीत गांडुळं.
बांधावरची कल्लव्वा विळा थांबवते,
‘एल्लि होंटीरी?’
मी नकाशाची घडी उलगडतो,
कायदा जुळवतो मोडक्या कन्नडात
आणि घाईत निघतं ते मराठीच:
‘तुमच्या दारी आलोय.’

तिला ऐकू येते वाट.
माझा उंबरा, तिचा रस्ता,
शब्द एकच.
‘दारी इत्तु,’ ती म्हणते. होती.
‘मामंजींची बैलं जायची की पाण्यावर.’
नकाशाकडे बघतही नाही.
विळ्याच्या मुठीनं तार उचलून धरते:
‘ह्या सरीतनं जावा. पाला कापतोय, बगा.
घावला तर येताना दावा.’

मी वाकून आत शिरलो,
हक्काचा कागद खिशात चुरगळत.

दिवसभरात दोन शिंगाळे. मोठा तिला.
परतताना सरीत
सकाळच्या माझ्या पावलांची तुटक रेघ,
आणि कल्लव्वाची मोटर चालू,
एकेक पाऊल पाण्यानं भरत चाललेलं.