खडूची रेघ

उद्यमबागेत, फौंड्रीच्या भिंतीमागं
भरमा मागचं टायर रिमवर चढवतो.
साबणाचं पाणी, दोन टॉमी, एक गुडघा.
कॉम्प्रेसर धापा टाकतो, कडा बसते: फट्.
जरा थांबून, दुसऱ्या अंगानं, फट्.

"हवा किती घालूलालास?"
मुतगेकरांची पोर विचारते, हेल्मेट काखेत.
सात पौंड. सायकल हसेल एवढीच.
सुटताना ते चुरगळलं पाहिजे,
भरल्या पोत्यागत बसलं पाहिजे भुईवर,
तेव्हा कुठं गाडी उठते.

काठानं स्क्रू ठोकलेत, अलीकडे बारा, पलीकडे बारा,
तरी त्याचा भरवसा खडूवर:
टायरवरून रिमवर एकच सरळ रेघ.

धुरातून गाडी परत येते.
तो वेळ विचारत नाही, वाकतो.
रिमवरची रेघ इथं,
टायरवरची चार बोटं मागं.

एक शिवी कानडीत, एक मराठीत.
मग नखानं रबरातले खडे उपटत बसतो,
उन्हाकडच्या चाकावर गोणपाट टाकून.

"अकरा पॉइंट दोन," ती सांगते. पुन्हा सांगते.

थुंकीनं जुनी खूण पुसून
तो नवी ओढतोय,
जीभ दातांत धरून,
पाटीवर पहिलं अक्षर काढावं तशी.