अठ्ठेचाळीस पानं

गडहिंग्लजच्या स्टँडमागं माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, दाखले, ऊसबिलं
यापलीकडं मी फारसं काही छापलेलं नाही.

मालू चौगले फोन घेऊन आली,
काच तडकलेली, वर रबर.
म्हणाली, भावानं लिवलेलं सगळं कागदावर काढ.
फोनचं काय खरं नाही.

वाचायचं नाही असं ठरवलं, आणि वाचलं.
'हितं पेनात शाई गोठती, म्हणून बोटानं लिवालोय.'
'च्याला दारूचा वास. घाबरू नगंस, तोफंची.'
'म्हस व्याली काय?
रेडकाचं नाव माझ्याबिगार ठेवू नका.'

लिवालोयचं लिहितोय करू का, विचारलं.
नको, म्हणाली,
तो असंच बोलतो.
बोलतो, म्हणाली.

चाळिसाव्या पानावर काहीच नव्हतं.
नुसतं: हा मेसेज हटवला आहे.
पहाटेचे तीन वाजून बारा मिनिटं.
मी ती ओळ गाळायला गेलो
तर तिनं पडद्यावर बोट टेकवलं.
हे बी छाप.
काय लिवलंतं, विचारायचं राहिलं माझं.

छापली.
स्पायरल घातली, वर निळं प्लास्टिक.
तिनं रुमालातनं पैसे मोजून दिले
आणि मी ते घेतले,
नको म्हणायचं सुचलंच नाही.

फाइल अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे,
ऊसबिलांच्या शेजारी.
सेव्ह करताना नाव मागितलं त्यानं.
बराच वेळ बसलो.
मग टाइप केलं: रेडकू.