निकष ४-ब

फेब्रुवारी. मिशिगनचं वरचं टोक,
जिथे सरोवर कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं
हे सांगायला मधे एखादी बोट लागते,
आणि बोटी सगळ्या गोठलेल्या.

आम्ही पाच जण. मानधन नाही.
मोटेलमधलं वॉफलचं यंत्र तेवढं फुकट,
ते किंचाळलं की उलटायचं.
छातीवर बिल्ला : वर्ना श्टोल्झ, परीक्षक.
एरवी मी इंडियानातल्या एका कॉलेजात रजिस्ट्रार,
जिथे छप्पर गळतं ते नेमकं
'गुणवत्ता कक्ष' लिहिलेल्या दाराच्या आत.

आयर्न हार्बर कॉलेज. सहाशे बारा विद्यार्थी,
मागच्या भेटीला नऊशे चाळीस होते.
पुरावे तपासायला दिलेली खोली
पूर्वी शिवणवर्गाची असावी :
टेबलाच्या फटीत अजून टाचण्या.
कुणीतरी वेलदोड्याचा ताजा पाव ठेवलाय,
शेजारी चिठ्ठी : ही लाच नाही.

निकष ४-ब. विद्यार्थी काय शिकले
याचा आढावा संस्था नियमित घेते का?
घेते. बारा महिने, बारा सभा, बारा इतिवृत्तं.
बाराही सभा चार वाजून दहा मिनिटांनी संपलेल्या.
बाराही वेळा श्री. हायकिनेन सर्दीमुळे गैरहजर.
जुलैतही.

डीन लेम्पी हार्यू चष्मा काढून पुसते.
तो स्वच्छच असतो.
"डिसेंबरात लिहिली," ती म्हणते, "दोन रात्रींत.
नऊ जणांचं काम आम्ही दोघं ओढतो.
सभा होतात हो, पण पार्किंगमध्ये,
गाडीचं इंजिन चालू ठेवून.
तिथे कोण लिहून घेणार?"

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात,
पण ही तर माझ्याच घरातली, राखेसकट.
अकरा वर्षांपूर्वी मी एका रात्रीत
तीन वर्षं लिहून काढली होती, चार वेगवेगळ्या पेनांनी.
आलेल्या म्हाताऱ्या परीक्षकाने फाइल चाळली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि अहवालात लिहिलं : नोंदी सुबक आहेत.
ती दया होती की डुलकी,
मला आजतागायत कळलेलं नाही.

चार वाजता विद्यार्थ्यांशी खुला संवाद.
खुर्च्या वीस, माणूस एक.
रेनो कांगास, वय एक्कावन्न, खाण बंद पडल्यावर
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बुटांतून पाणी ठिबकतंय.
"तुम्ही नाही म्हणालात,
तर माझे बेचाळीस क्रेडिट कुठे जातील?"
नियमावली सांगते : निष्कर्षाविषयी बोलू नये.
मी विचारलं, काय शिकलात?
तो थोडा वेळ हाताकडे बघत राहिला.
"शीर सापडत नसली तर हात खाली सोडायला सांगायचा.
घाई करायची नाही.
आणि बोलत राहायचं, कशाबद्दलही. कुत्र्याबद्दल."
मी ते लिहून घेतलं,
तारीख घालून, वेळ घालून.
चार वाजून सव्वीस मिनिटं.

रात्री मोटेलच्या खोलीत पाच लॅपटॉप.
थॅडियस, आमचा प्रमुख, म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा.
बरोबरच होतं त्याचं.
बाहेर बर्फाचं यंत्र खडखडत होतं,
बर्फात बुडालेल्या गावात
बर्फ विकणारं यंत्र.
सव्वा एकपर्यंत मी 'पूर्तता' या शब्दापाशी बसून.
मग लिहिलं : पूर्तता, चिंतेसह. वर्षात पुन्हा अहवाल.
इतिवृत्तांविषयी दोन वाक्यं, दोन्ही खरी.
एक कांगासच्या शिरेविषयी.
'सुबक' हा शब्द वापरला नाही.
लेम्पी वाचेल, चष्मा पुसेल,
कदाचित मला शिव्या घालेल फिनिशमध्ये.

परतल्यावर खर्चाचा फॉर्म.
काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी :
सहा डॉलर चाळीस सेंट.
पावती हरवली.
फॉर्म म्हणतो, पुराव्याशिवाय ग्राह्य नाही.
पट्टी इथे आहे, माझ्या टेबलावर,
छपराखालच्या बादलीशेजारी.
या वर्षीच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त
अजून लिहायचंय.