तारेखालची झाडं

सेलूत मामाच्या घरामागं
न्हाणीपासून भिंतीपर्यंत
सात पावलांची जागा.
तिथं एकही झाड विकत आणलेलं नाही.

मुंजाजीमामा लाईनमन.
मे लागला की ऑफिसातून यादी यायची,
कोणत्या गल्लीत कोणाची फांदी तारेला टेकलीय.
मामा शिडी लावायचा. कोयता चालायचा.
खालून बाया ओरडायच्या,
"कामून तोडायलास रं, कळ्या आल्यात की!"
मामा वरून काही बोलायचा नाही.
उद्या लाईट गेली
तर ह्याच बाया ऑफिसात येणार, त्याला माहीत.

संध्याकाळी सायकलच्या कॅरेजला
ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या,
कुठली बोटाएवढी, कुठली मनगटाएवढी.
कुशावर्तामामी दारातूनच म्हणायची,
"आणले का आजचे जखमी?"
आणि वापरायच्या पाण्यातलं तांब्याभर
मोजून बाजूला काढायची.

मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं
एका खांबावर वाकली ती वाकलीच.
पेन धरवायचा नाही.
म्हणून पाट्या मी लिहिल्या,
जुन्या मीटरच्या पत्र्यावर, ऑइलपेंटनं,
तिसरीतल्या अक्षरात:
काबऱ्याची बोगनवेल.
पोस्टातली कण्हेर.
खतीबसाहेबांचा चाफा.
दवाखान्यामागची जास्वंद, डबल.
शेवग्याला नुसतं खांब नंबर ४१,
कारण तो कोणाचाच नव्हता.
डाळिंबातला ळ उलटा पडलाय.
मोठी झाल्यावर मी तो दुरुस्त करायला बसले,
मामानं ब्रश काढून घेतला.

नळ नवव्या दिवशी.
झाडांच्या वाट्याला तांदळाचं धुवण,
भांड्यांचं दुसरं पाणी,
आणि न्हाणीतलं, पन्हाळीनं थेट मोगऱ्याला.
सुट्टीभर माझ्या अंगावरून गेलेलं पाणी
तो मोगरा प्यायला.
अजून कुठं मोगरा दरवळला
की मला आधी लाल साबण आठवतो.

वाफ्यांना कड
खांबावरून उतरवलेल्या फुटक्या चिमण्यांची,
चिनीमातीच्या, तपकिरी, उलट्या पुरलेल्या.
उन्हात त्यांच्यावर हात ठेवायचा नाही.

मग रस्ता रुंद झाला.
खतीबसाहेबांचं घर अर्धं गेलं, चाफा पूर्ण.
तीन वर्षांनी त्यांची शगुफ्ता आली नांदेडहून,
न्हाणीपाशी उभी राहिली,
पाटी वाचून हसली,
आणि मग कितीतरी वेळ पाटीच वाचत राहिली.
मामानं कोयता आणला.
एवढंच म्हणाला,
"चीक वाळू दे. आठ दिवस पाणी दाखवू नको."
फांदी रिक्षात मावेना.
अर्धी बाहेर ठेवून गेली.

आता मामा रिटायर.
पण खांब नंबर ४१ वाढतोच आहे,
औंदा तो गच्चीवरच्या तारेला भिडला.
यादी निघाली, त्यात मामाचंच नाव.
कंत्राटावरचं एक पोरगं आलं, विश्वंभर,
पायात साधी चप्पल.
मामानं आधी त्याला आपले जुने बूट दिले,
मग शिडी धरली.
"तिथं नको. डोळ्याच्या वर. तिरपा घाव."
मामी खालून, इतक्या वर्षांचं ऐकून ऐकून,
"कामून तोडायलास रं, फुलं आल्यात की!"
पोरगं दचकलं. मामा शिडीसकट हसला.

जाताना मामानं फांदी फडक्यात बांधली.
"न्ये."
"भाड्याची खोली हाय, मामा.
फरशीच फरशी."
बूट तेवढे घालून गेलं.

फांदी बादलीत उभी आहे.
परवा फोनवर मामा सांगत होता,
पाच ठिकाणी फुटलीय, पत्रा कापून ठेवलाय,
तू आलीस की लिही.
मी विचारलं, काय लिहू?
पलीकडं थोडा वेळ नुसती पन्हाळ वाजत होती.
"थांब की," म्हणाला.
"त्याला खोली तर बदलू दे."