बिल्ला

दर एकोणीस दिवसांनी सर्व्हर आडवा पडायचा.
पुण्याच्या ऑफिसात तो दुखण्याचा भाग झाला होता:
रीस्टार्ट करा, चहा प्या.
मी इथे समुद्रपूरच्या अलीकडे,
सरकीच्या वासाच्या खोलीत, टुकटुकणाऱ्या इन्व्हर्टरशेजारी
कर्नलच्या दारवानाची झडती घेत बसलेली.

दारवान म्हणजे साडेचारशे ओळी.
कुणी फाइल मागितली की तो आधी
अठ्ठ्याऐंशी बाइटची जागा मागून घेतो,
तीत मागणाऱ्याचं नाव, गट, हुद्दा मांडतो,
नियमांशी ताडून बघतो.
हो असेल तर दार उघडतो, जागा परत देतो.
नाही असेल तर
तिथल्या तिथे रिटर्न.
लिहिलंय रिटर्न, आणि परत काहीच केलेलं नाही.

म्हणजे ज्यांना हाकललं
त्यांचीच जागा अडकून पडायची,
कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली.
रोज हजारो नकार.

बाराच्या सुमारास मी प्रत्येक नकारापाशी
सोडवणारी ओळ घातली.
पाच मिनिटांत मशीन गारद.
एका वाटेवर तीच जागा दोनदा सोडली होती.
झोपले.

सकाळी झिबलकाका नखाते दूध घालायला आले.
एकतीस वर्षं जिनिंगच्या फाटकावर काढलेला माणूस.
माझे डोळे बघून म्हणाले, काय हरवलं वं पोरी?
सांगितलं, जमेल तसं.
ते ओट्यावर टेकले.

"पितळी बिल्ले होते आमचे. एकशे चाळीस.
गाडी आत, बिल्ला हातात. इकून बाहेर, बिल्ला खिळ्यावर.
पण कापूस ओला निघाला का काट्यावरूनच वापस.
मानूस चिडते, बैल फिरवते,
मांगच्या फाटकानं निंघून जाते. बिल्ला खिशात."

मग?

"मंग काय. मांगची दोन्ही फाटकं बंद केली.
इकला तरी याच दारातून जा, नाही इकला तरी याच.
म्हटलं, पयले बिल्ला दे, मंग शिव्या दे."

दूध ओट्यावरच राहिलं, साय धरली त्यावर.
मी नऊ रिटर्न खोडले.
तळाशी एकच खूण केली, तिचं नाव बाहेर,
होकार असो की नकार, सगळ्यांना तिकडे वळवलं,
आणि जागा सोडणारी ओळ तिथे, एकदाच.
टिपणात हे सगळं नाही लिहिलं. लिहिलं एवढंच:
नकाराच्या वाटेवर स्मृती सुटत नव्हती, आता सुटते.

विसाव्या दिवशी मशीन उभी होती.
काकांना सांगितलं. ते म्हणाले,
आन् पयले गेलेले? ते सापडले?
नाही काका, ते नाही सापडत.

"माहे बी सात गेले ते गेले.
त्यातला एक दिसला मले, लई वर्सांनी,
डोमाजीच्या बैलाच्या गळ्यात, घुंगरासंगं."
मागितला नाही?
"बैल चांगला चालत होता," काका म्हणाले,
आणि बरणी उचलून गेले.