तुलनेचा गट

हर्णै बंदरावरचा लिलाव उठलाय.
उलट्या क्रेटवर वही उघडून बसलेय.
पुण्याहून सरांचा फोन: चिठ्ठ्या टाक.
निम्म्या आरोपींना तारखेची आठवण,
निम्म्यांना काही नाही.
त्याशिवाय कसं कळणार, फोनने वॉरंट टळतं का?

सरांचं बरोबर आहे.
कोर्टातले बेलीफ पेवेकर तेवढे हसले:
"तारखेला तो पंधरा वाव पाण्यात असतो, बाई.
आधी रेंज द्या, मग आठवण."

जुन्या फायली चाळल्या.
त्यांत 'गैरहजर' भेटतो,
कुठे होता ते भेटत नाही.

जैतुनबी होडेकर सुरमई कापता कापता म्हणाली,
"माझा अश्फाक कुठल्या चिठ्ठीत?"
म्हटलं, ते मलाही माहीत नसायला हवं.
तिने कोयती खंगाळली
आणि सुरमईचा भाव सांगितला.

रात्री भरतीचं कोष्टक बघत होते.
पाणी दाभोळच्या तोंडाशी आधी चढतं,
वर गोवळकोटला उशिरा,
पण चढतं.
तसंच करू: आठवण सगळ्यांना,
एकेक कोर्ट, पाळीपाळीने.
ज्यांची पाळी यायचीय, तोवर तुलनेला तेच.

सरांना पटलं. खर्च वाढेल म्हणाले.

क्रम मात्र चिठ्ठ्यांनीच लागला.
शेवटची उघडली: दापोली.
म्हणजे अकरा महिने.
अश्फाकची तारीख येत्या सोमवारी.

उद्या सकाळी मासे आणायला जायचंय.
बोलता बोलता 'सोमवार' निघून गेला तोंडातून,
तर तो दोष
कुठल्या रकान्यात लिहितात?